कोट काढायची परवानगी

"डेस्मंडवर लक्ष ठेव गं. जीव गेला तरी तो अंगातला कोट काढणार नाही," निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. लक्ष ठेवायला मला आठ महिन्यांची लेक टॅबिथा होती, आणि कित्येक रात्री धड झोप नव्हती.

नदीकाठी होड्यांच्या शर्यती बघायला सभासदांच्या आवारात बसलं, की पुरुषांना कोट सक्तीचा. फारच उकडलं तर कर्ण्यावरून परवानगी देतात, तेव्हाच तो काढायचा. माझे सासरे डेस्मंड विशीत इथली शर्यत जिंकलेले. क्लबचा जाड लोकरी कोट घालून ते ताठ बसले होते. मी मात्र उन्हाने तापली नाही ना म्हणून दर पाच मिनिटांनी टॅबिथाची मान चाचपत होते.

दुपारी परवानगी आली. भराभर कोट उतरले.

"काढा की आता," मी म्हटलं.

"बघे काढतात. वल्हवणारे नाही काढत," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. थकले होते.

पुढच्या शर्यतीला सगळे ओरडत उठले, सासरे उठले नाहीत. "कोण जिंकलं?" मी विचारलं. त्यांनी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. घाम थांबला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

प्रथमोपचारवाल्यांनी उष्माघात ओळखून कात्रीने कोट कापला. ते वाचले, पण आठवडाभर इस्पितळात होते.

तुम्ही अशा शर्यतींना गेलात, तर शेजारच्या खुर्चीतल्या कोटवाल्या आजोबांशी दोन शब्द बोला. उत्तर नीट येतंय ना, तेवढं बघा.