उकिरड्याकडची माती

माती तपासणीची पिशवी देताना कृषी सहायक निकिता मॅडमनी बजावलं होतं, "रानात आठ-दहा ठिकाणची माती घ्या काका. उकिरड्याजवळची अजिबात नको." बलभीमनं मान डोलावली अन् नेमकी उकिरड्याजवळचीच भरली. दरसाल उसाचं पाचट, तोडणीनंतरचा वाळला पाला, पेटवून त्याचं रान पार भाजून निघालेलं. ते कागदावर उमटलं तर चारचौघांत मान खाली जाईल, एवढीच त्याला धास्ती.

तपासणीच्या पत्रिका आल्या, मॅडमनी देवळापुढं वाचून दाखवल्या. ढोकीच्या शिवारात सगळ्यांत कसदार माती बलभीमची! लोकांनी टाळ्या पिटल्या. तो कसनुसा हसला.

ऊस तुटून गेला अन् एका सकाळी शेजारच्या रानातून धूर निघाला. थोरला भाऊ गेल्यापासून ते रान सखूबाई वहिनी एकटी बघायची. दोन वर्षं तिनं पाचट जाळलं नव्हतं. निजल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं ते सरीसरीत पसरायची, वर शेणकाला शिंपायची. आज तीच पेटती चूड घेऊन उभी होती.

बलभीम धावला. "वयनी, हे काय मांडलंय?"

"तुमचंच बघून, भावजी. तुमी दरसाल पेटवता अन् तुमची माती पयली. म्या पाचट गोंजारत बसले, तर माझी मधेच कुठंतरी. मीच येडी."

"विझवा आधी!"

"का? पुढं जाईन म्हणून भ्या वाटतंय व्हय?"

"ती माती रानातली न्हवती." बलभीमची नजर वर होईना. "उकिरड्याकडची भरली म्या. लाजंपायी."

सखूबाईनं चूड पाटाच्या पाण्यात फेकली. एक पोतं भिजवलं, दुसरं त्याच्या अंगावर टाकलं अन् दोघांनी आग झोडपून विझवली. वारा पडलेला होता म्हणून चार सऱ्यांवर निभावलं. काळ्या राखेत तिनं बोटं खुपसली. करपलेलं गांडूळ तळहातावर घेऊन तिनं त्याच्यापुढं धरलं.

"माफ करा, वयनी."

"माझं ऱ्हाऊ द्या. पल्याडच्या रानातला बंडप्पा बी आज पेटवणार हाय, तुमचंच नाव घेऊन. त्याला कोण सांगणार?"

बलभीम तसाच काजळलेल्या हातांनी बांध ओलांडून निघाला. कुठंतरी मधूनच माघारी फिरू, ही भीती त्याला स्वतःचीच वाटली. म्हणून त्यानं लांबूनच, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "बंडप्पा! थांब! माझी माती खोटी हाय!"