कोरड्या चुण्या

शिंपीबाबांच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची: ज्यांना चुणी घालता येते ती, आणि उरलेला गाळ. जावई गाळात. हा गडी चार दिवसांचा वर्ग करून ग्योझा, म्हणजे खिमा भरलेल्या जपानी करंज्या, शिकून आला होता, आणि ते विकायला त्याला सासऱ्याचं बंद पडलेलं दुकान हवं होतं. "आधी बाबांना खाऊ घाल, मग दुकानाचं काढ," लेकीनं त्याला बजावलं होतं.

म्हणून रविवारी ओट्यावर पसारा मांडला. मैद्याच्या पातळ पाऱ्या, कोबी, खिमा, आलं, लसूण. जावई पारीच्या कडेवरून पाण्याचं बोट फिरवी, मध्ये सारण ठेवी, दुमडून चुण्या घाली. ग्योझा असा दिसे, की जणू त्यावर कोणी तासभर बसून उठलंय.

"जावईबापू, हे शिवलंय की चावलंय?"

"चवीला बरं लागतं, बाबा."

"गोणपाटही ऊब देतं. म्हणून नवरदेवाला घालतात का?"

"मग तुम्हीच दाखवा," लेक म्हणाली.

बाबांना तेवढंच हवं होतं. त्यांच्या ऐन भरातल्या चुण्या इतक्या दाट, की एका झग्याच्या घेरात मुंग्यांची वरात वाट चुकली आणि तिथंच नातवंडांपर्यंत नांदली, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी पाण्याची वाटी दूर सारली.

"कडेला पाणी लावावं लागतं, बाबा."

"ओलं कापड कोणी शिवतं का? वाळलं की शिवण आवळते. शिकवलं काय तुला चार दिवस?"

उलट, बोटं चिकटू नयेत म्हणून त्यांनी कडेला कोरडा मैदा चोळला. एकेका ग्योझ्याला तेवीस चुण्या, सगळ्या एका मापाच्या.

जावयानं दोघांचेही ग्योझे एकाच तव्यात मांडले, बूड लालसर होऊ दिलं, पाणी ओतून झाकण ठेवलं. वाफ कोंडली आणि आतून फटफट आवाज आला. झाकण काढलं, तर बाबांचा प्रत्येक ग्योझा चुणी न चुणी उलगडून उताणा पडलेला, खिमा पाण्यात पोहत होता. जावयाची ध्यानं घट्ट मिटून जागच्या जागी.

कोणी हसलं नाही. लेक छताकडे बघत राहिली.

बाबांनी एक बेढब ग्योझा उचलला, उलटसुलट न्याहाळला, खाल्ला. मग आणखी अकरा.

"दुकान घे," ते तोंड पुसत म्हणाले. "पण पाटीवर माझं नाव नको. आणि हे वळायला खिडकीत बसू नकोस. त्या रस्त्यानं माझी जुनी गिऱ्हाइकं जातात."