सासूबाईंचं पोट आणि तिसरी गाडी

सात माणसांची गाडी कशी आहे हे लिहायचं असेल, तर ती घाटात नेली पाहिजे. सपाट रस्त्यावर काय, टेबलाला चार चाकं लावली तरी ते छान चालेल. हे माझं मत आमच्या मागेलांग गावच्या वर्तमानपत्राच्या संपादकाला आता तोंडपाठ झालंय. मी तिथे दर रविवारी गाड्यांवर लिहितो. शोरूमवाले नवीन गाडी चार दिवस माझ्या हवाली करतात, मी ती पिदडतो, आणि लोक माझं वाचून गाडी घेतात. माझी बायको रत्री म्हणते, लोक रंग बघून घेतात.

यंदा ईद झाल्यावर लागोपाठ तीन शनिवारी तीन मिनीव्हॅन माझ्याकडे येणार होत्या. लेखाचं नाव मी आधीच ठरवून टाकलं होतं, 'कुटुंबाची गाडी कुठली?' आणि परीक्षक घरातच होते. सासूबाईंचं पोट!

त्याचं असं आहे. सासूबाईंची थोरली बहीण सारिंतेन वर डिएंगच्या पठारावर, बटाट्याच्या शेतांच्या मधोमध राहते. ईदनंतर धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, गुडघ्यांवर डोकं टेकवायचं आणि वर्षभरात झालंगेलं माफ करून घ्यायचं, ही आमची रीत. आम्ही त्याला सुंगकेम म्हणतो. ईदनं सुरू होणारा शव्वालचा महिना संपायच्या आत ते झालं पाहिजे. फोनवर झालेलं धरत नाहीत, आणि थोरलीनं खाली उतरून यायचं म्हणजे तर शोभाच. सासूबाई दर वर्षी बसनं जायच्या. कोंबड्या, पोती, वर टपावर माणसं, अशा बसमधून ठणठणीत जायच्या आणि ठणठणीत यायच्या. मग रत्रीचं माझ्याशी लग्न झालं, दारात गाडी आली, आणि गाडीवाला जावई असताना बसनं जाणं बरं दिसेना. तेव्हापासून दोन ईदी झाल्या, सासूबाई केजाजारच्या चढाच्या वर पोचलेल्या नाहीत. अर्ध्या घाटात त्यांचा चेहरा केळीच्या कोंबासारखा हिरवा पडतो, आणि आम्ही माघारी फिरतो. वय झालं की पोट नाजूक होतं, असं मी सगळ्यांना समजावून सांगत असे.

बहिणीची माफी दोन वर्षं तुंबून राहिली होती. सासूबाई बोलत नसत, पण बहिणीसाठी केलेल्या अननसाच्या बिस्किटांचे डबे शव्वाल संपला की गुपचूप शेजारीपाजारी वाटून टाकत. ते बघून मला फार वाईट वाटायचं. यंदा काय वाटेल ते होवो, त्यांना वर पोचवायचंच असा मी विडा उचलला होता.

पहिल्या शनिवारी आली ती परी. नाजूक, गोंडस, पुढच्या चाकांवर ओढ घेणारी. आमच्याकडे अजून निम्मे लोक शपथेवर सांगतात की पुढच्या चाकांची गाडी भरल्यावर चढ चढत नाही. हा गैरसमज दूर करायला मी घाटात तिला अशी काही पिटाळली की बटाट्याचे दोन ट्रक मागे टाकले. वळणावर गाडी किती कलते हे बघायला मुद्दाम जरा डावी-उजवी हेलकावून पाहिली. ब्रेक कसे लागतात हे ऐनवेळी दाबल्याशिवाय कळत नाही, म्हणून ऐनवेळी दाबले. उत्तम लागले.

"इबू, कशी वाटतेय?" मी आरशात सासूबाईंकडे बघत विचारलं.

"छान आहे हो, सुगेंग बाळा," सासूबाई म्हणाल्या. "फक्त सीटला नव्या कातड्याचा वास आहे ना, तो जरा... थांबतोस का?"

थांबलो. सासूबाई दरीकडे तोंड करून बसल्या. माघारी आलो. मी लेखात लिहिलं, 'गाडी दमदार, पण आतला वास कंपनीनं मनावर घ्यावा.'

दुसऱ्या शनिवारी पहिलवान. मागच्या चाकांची, उंच, ट्रकच्या हाडापेराची. जुने लोक हिच्यावर जीव टाकतात. खड्डा आला की ती खड्ड्यालाच दोष देते. मी सीटवर सासूबाईंची जुनी चादर अंथरली, वासाचा प्रश्न निकालात काढला, आणि निघालो. पहिलवानाला रेटा मोठा. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, मला तर लहान मुलासारखी आनंदाची उकळी फुटली होती. शीळ घालत होतो मी.

"मास, जरा दमानं," रत्री म्हणाली. आमच्याकडे बायको नवऱ्याला मास म्हणते.

"दमानं चालवून कळणार काय? डिझेलचा रेटा बघायला नको?"

"बघितला. आईनं पण बघितला. आता थांब."

पुन्हा केजाजार. पुन्हा दरी. सासूबाई तोंड पुसत गाडीत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गाडी फार दणकट आहे. मी काल रात्री फणसाची भाजी खायला नको होती." मी लिहिलं, 'पहिलवानाचा मागचा बाक आडदांड, वयस्कर पोटांना झेपणारा नाही.' फणसाबद्दल लिहिलं नाही.

तिसरा शनिवार म्हणजे शव्वाल संपायच्या आधीचा शेवटचा. आणि आली महाराणी! इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, आवाज म्हणून नाही. हातात पिशव्या असल्या तर दाराखालून नुसता पाय फिरवायचा, दार आपलं आपण सरकतं. ते सरकलं तेव्हा सासूबाईंनी थबकून कमरेत वाकून त्याचे आभार मानले. मधल्या रांगेत दोन सिंहासनं, पाय पसरायला जागा, तिसऱ्या रांगेच्या डोक्यावरही गार वारा. सुकाणू तर असं की करंगळीनं वळवावं. मी खरंच करंगळीनं वळवून दाखवलं. परी आणि पहिलवान दोघींनी हिच्या पाया पडावं, अशी गाडी.

आता इथे संपादकानं पाचर मारून ठेवली होती. वाचकांची तक्रार होती की मी कायम पुढच्या सीटवरून लिहितो. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचं सुखदुःख कोण सांगणार? म्हणून घाटाच्या पायथ्याशी वोनोसोबोला रश्शातल्या शेवया खाऊन झाल्यावर मी किल्ली रत्रीकडे दिली आणि स्वतः बिस्किटांच्या डब्यांना चिकटून मागच्या बाकावर जाऊन बसलो. जीव वर-खाली होत होता. घाट रत्रीच्या हातात! बाजारहाट सोडून ती कधी गाडी काढत नाही.

"वळणाच्या आधी वेग घे!" मी मागून ओरडलो.

"तू सुखदुःख लिही," ती पुढून म्हणाली.

ती आपली संथ. ट्रकच्या मागे आहे तर मागेच आहे. वळण आलं की आधीच हळू, वळण गेलं की सावकाश पुढे. मला तर जांभया यायला लागल्या. गाडीचा दम बघायचा सोडून ही तिला फिरायला घेऊन चालली होती. मी केजाजारची वाट बघत प्लॅस्टिकची पिशवी उघडून तयार ठेवली. केजाजार आलं. सासूबाईंची मान कलली. मी पिशवी पुढे केली.

सासूबाई घोरत होत्या!

केजाजार गेलं, शेवटचा उभा चढ गेला, ढग खिडकीला लागले, आणि सासूबाई घोरतच होत्या. मला मागच्या बाकावर नाचायचं होतं, पण छत आड आलं. गुडघे हनुवटीला टेकलेले, मांडीवर डबे, आणि मी मनातल्या मनात लेख लिहीत होतो. 'महाराणीनं चमत्कार केला आहे! पोटाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टर सोडून हिच्याकडे यावं!'

दारात सारिंतेनबुदे, बुदे म्हणजे थोरली मावशी, काठी टेकवून उभ्या होत्या. सासूबाई उतरल्या त्या जवळजवळ धावतच. ओसरीवरच बुदेंना खुर्चीत बसवून त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं, आणि दोघी बोलायचं सोडून रडतच राहिल्या. मला वाटतं त्यात तीन वर्षांची माफी एकदमच उरकली. रत्रीचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि शेवटी डबे उघडले गेले.

खाणंपिणं झाल्यावर बुदे म्हणाल्या, "ती जादूची गाडी मला पण दाखव की रे. पठारावरच्या जुन्या देवळांपर्यंत एक चक्कर."

मला काय, तेच हवं होतं! दिवसभर मागे बसून हात शिवशिवत होते. बुदेंना सिंहासनावर बसवलं आणि निघालो. महाराणीचा खरा दम आता कुठे बघायला मिळत होता. बटाट्याच्या शेतांमधून सुसाट, वळणाला हेलकावा, देवळांपाशी ऐनवेळी ब्रेक, गर्रकन वळण आणि परत. काय गाडी आहे! मी बोलत होतो, बॅटरी सांगत होतो, चाकांची पकड सांगत होतो.

"थांबव," बुदे म्हणाल्या.

थांबवली. दार आपलं आपण सरकलं. बुदे उतरून बांधावर बसल्या, काठीवर कपाळ टेकून बराच वेळ श्वास घेत राहिल्या. चेहरा हिरवा. हा हिरवा रंग मी ओळखत होतो.

"बुदे, तुमचंही पोट नाजूक का?"

"माझं पोट? अरे, मी उभा जन्म बटाट्याच्या ट्रकमध्ये मागे बसून हिंडले. गाडी चांगली आहे. तू गाडी चालवतोस की सुपात तांदूळ पाखडतोस?"

मी त्यांच्याशेजारी बांधावर टेकलो.

"मुर्तिनी, तुझी सासू, मला फोनवर सांगायची. जावई सोन्यासारखा, पण त्याच्या गाडीत बसलं की आतडी गळ्यात येतात. मला वाटलं, वाढवून सांगतेय."

"पण त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत! वास म्हणाल्या. फणस म्हणाल्या."

"कशी बोलेल? तू जावई आहेस. मी बोलू शकते, मी सगळ्यांत थोरली. थोरलेपणाचा आता तेवढाच फायदा उरलाय, बाकी नुसते गुडघे." मग माझा हात धरून त्या उठल्या. "आणि हे बघ. मी तुला सांगितलं हे तिला कळता कामा नये. लाजेनं पुढच्या वर्षी यायचीच नाही ती."

गाडीपर्यंतच्या त्या चार पावलांत माझी पार शोभा झाली, आणि ती बघायला फक्त महाराणीचं दार हजर होतं. दोन वर्षांची बिस्किटं शेजाऱ्यांनी माझ्यामुळे खाल्ली होती. गाड्यांचे दोष काढकाढून मी कागद काळे केले होते, आणि दोष सुकाणूच्या मागे बसून शीळ घालत होता. मला भयंकर शरम वाटली. आणि तरी, का कोण जाणे, हसूही येत होतं. एवढी सभ्य बाई! दरीकडे तोंड करून बसली, पण माझ्या तोंडावर काही आलं नाही.

परतताना मी महाराणी अशी चालवली, जणू मागच्या सीटवर अंड्यांची टोपली आहे. बुदेंनी काठीनं माझ्या खांद्यावर हलकेच एकदा ठोकलं.

निघायची वेळ झाली. डिकीत बटाटे, कोबी, आणि नको नको म्हणता म्हणता मागच्या बाकावर एक जिवंत कोंबडी चढली होती. सासूबाई माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होत्या. हसतमुख, नम्र, आणि आतून धसकलेल्या. तो धसका इतके दिवस मला पोटदुखी वाटत होता. शव्वाल दर वर्षी येणार होता. मी दोन्ही हातांनी किल्ली रत्रीपुढे धरली.

"तूच चालव गं. माझं डावं मनगट दुखतंय."

"मनगट?" रत्री म्हणाली. "करंगळीनं वळते ना ही?"

"थंडीनं आखडलंय. घाटात आता नाहीच जमायचं. कधीच नाही, असं वाटतंय."

रत्रीनं एकदा माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग किल्ली घेतली. सीट तिच्या उंचीला पुन्हा लावायला तिला फार वेळ लागला नाही.

मी मागे जाऊन बसलो, या खेपेला कोंबडीशेजारी. गाडी सुटली, तशा सासूबाई सिंहासनावरून वळल्या. पिशवीतून दुखण्यावर चोळायच्या काजूपुटीच्या तेलाची बाटली काढली.

"दे इकडे हात, बाळा. चोळून देते."

मी हात पुढे केला. त्या मन लावून चोळत राहिल्या, बोटाबोटांत, नसेनसेतून, एखाद्या आजाऱ्याला चोळावं तसं. गाडीभर तेलाचा वास सुटला. आणि केजाजारच्या वळणावर, रत्री ट्रकच्या मागे संथ चालली असताना, माझ्या लक्षात आलं की मी उजवा हात पुढे केला होता.

सासूबाईंच्याही लक्षात आलं होतं. त्या खाली बघून चोळतच राहिल्या.

"थंडीचं दुखणं चिवट असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या शव्वालला पण दुखेल ना, बाळा?"

"दुखेल, इबू. नक्की दुखेल."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि आता डावा हात मागितला.