रिकामं झाकण

तिसरीच्या बाईंचा आवाज असा खणखणीत होता, की पलीकडच्या वर्गातली मुलंही त्यांचे पाढे फुकटात शिकत. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक अक्षरही बोलायचं नाही. बाईंच्या तोंडाचा पट्टा बंद पडला. नवरा म्हणाला, "घर खायला उठतंय गं. निदान डोळे तरी वटार माझ्यावर." बाईंनी वटारले. तेवढ्यानंही त्याला बरं वाटलं.

शाळेत मात्र हे कुणी हसण्यावारी नेणार नव्हतं. मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून स्पष्टच सांगितलं, "बाई, तुमची मुलं अजून तीनशे पाच सांगितलं की ३००५ लिहितात. बोलून जमलं नाही, ते मुक्यानं काय जमणार? उद्याचा तास मी मागे बसून बघते. नाही जमलं तर वर्ग दुसऱ्या बाईंना देईन. तुम्ही ऑफिसात बसा."

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, हे बाई स्वतःच मुलांना सांगत आल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी आइसक्रीमच्या काड्यांचा ढीग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतला. दहा काड्यांना रबर लावलं की एक जुडी, दहा जुड्या नाडीनं बांधल्या की एक गठ्ठा. नवरा शेजारी बसून जुड्या करत होता आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलत होता. मध्येच त्याला बाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं. तो नुसती रबरं लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टेबलावर बुटांच्या खोक्यांची तीन झाकणं ओळीनं मांडली. आधी डावीकडच्यात गठ्ठे, मधल्यात जुड्या, उजवीकडच्यात सुट्या काड्या ठेवून दाखवल्या. नंतर डावीकडे तीन गठ्ठे, उजवीकडे पाच सुट्या काड्या. मधलं रिकामंच. मग त्यांनी खडू पुढे केला.

मुलं गांगरली. एरवी बाई ओरडून आकडा सांगत आणि मुलं कानावर पडेल तसं उतरवत, आधी तीनशे, मग त्याला चिकटून पाच. आज कानावर काहीच पडत नव्हतं, बघावंच लागत होतं. वर्गभर टकळी चालवणारी एक मुलगी होती, तिचं नावच टकळी पडलं होतं. तीच उठली. तिनं फळ्यावर ३५ लिहिलं.

मागे मुख्याध्यापिकांनी चष्मा सारखा केला. बाईंच्या ओठांवर शब्द आला होता. तो त्यांनी महत्प्रयासानं गिळला आणि मधल्या झाकणावर बोटानं टकटक केलं.

"त्यात काहीच नाहीये," टकळी म्हणाली.

बाईंनी पुन्हा टकटक केलं.

"त्यात जुड्या ठेवतात, पण आता नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"नसू देत! बाईंनी झाकण उचललंय का? नाही ना?" टकळी एकदम ओरडली. "मग त्याची जागा आहेच की! गठ्ठे सरकून तिथे कसे येतील?" तिनं ३५ पुसलं आणि मोठ्ठं ३०५ लिहिलं. मग सगळा वर्ग झाकणांभोवती गोळा झाला. काड्या इकडच्या तिकडे होऊ लागल्या, भांडणं झाली आणि उत्तरं बरोबर येऊ लागली.

जाताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्ग तुमचाच. आणि ती झाकणं चौथीला पण द्या हो."

बाईंना ना हसू आवरेना, ना रडू. वर्षानुवर्षं आपण घसा फोडून जे सांगत होतो त्यानंच पोरं गोंधळत होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. पण पोरांनी शब्दाविना आपल्याला समजून घेतलं, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

महिना सरला, डॉक्टरांनी बोलायची मोकळीक दिली. पहिलं वाक्य बाईंनी नवऱ्यालाही दिलं नाही. तो रुसला, मग समजला. वर्गात उभं राहून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझा वर्ग राहिला रे पोरांनो."

टकळीनं काळजीनं विचारलं, "बाई, आता तुम्ही परत आधी सांगणार? की आधी आम्ही बघायचं?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि टेबलाखालून झाकणं काढली.