दादाच्या तोंडचं नाव

आमच्या केंटकीत मत द्यायचं ते तोंडाने. कोर्टाच्या ओट्यावर टेबल, दोन्ही उमेदवार शेजारी बसलेले. माणूस येतो, सगळ्यांदेखत नाव घेतो, आणि ज्याचं घेतलं तो उठून हॅट काढून आभार मानतो. मी नावं लिहिणारा कारकून. पोटात एक नि ओठात एक इथे चालत नाही, म्हणून मला ही रीत आवडायची.

एलायहू रँकिन याच कोर्टात वकिली करायचे. उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या धामधुमीत विधानसभेवर गेले आणि शेवटच्या हिवाळ्यात गुलामगिरी संपवायच्या बाजूने मत देऊन आले. ठराव पडला तो पडलाच, वर सख्खा थोरला भाऊ आसा तुटला. आसाच्या शेतावर गुलामच राबत होते. तेव्हापासून आसाने भावाचं नाव घेणंच सोडलं. "तो वकील" एवढंच म्हणायचा.

ऑगस्टात पुन्हा निवडणूक आली. समोर कॅलेब थ्रॉल.

"हरणार, ते ठाऊक आहे," रँकिन मला म्हणाले. "पण दादाच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय रे."

दुपारी आसा आला. गर्दीने वाट करून दिली.

"कॅलेब थ्रॉल," तो भावाकडे न बघता म्हणाला.

थ्रॉलने उठून आभार मानले. रँकिनांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

आसा पायऱ्या उतरतोय तोच जोसाया वर आला. हा आसाचाच गुलाम लोहार, फौजेत भरती होऊन गुलामीतून मोकळा झालेला. अंगात अजून फौजेचा निळा कोट होता.

"एलायहू रँकिन," तो खणखणीत म्हणाला.

हशा पिकला. "अरे, तुला कुणी विचारलं? काळ्याला कधीपासून मत?"

"नाही ना. लिहू नका. मला नुसतं म्हणायचं होतं."

आणि रँकिन उठले. हॅट काढून वाकले. "तुमचा आभारी आहे, जोसाया."

हशा थांबला. "लोहाराला अहो-जाहो करतोय!" कुणीतरी ओरडलं. एक दगड टेबलावर आदळला. रँकिन उभेच.

"एलायहू!" आसा धडपडत पायऱ्या चढत होता. "एलायहू, खाली बस, मरशील गाढवा!" तो गर्दीकडे तोंड करून भावाच्या पुढ्यात उभा राहिला. मग कुणाचा हात उठला नाही.

रँकिनांच्या हातात हॅट तशीच होती. "आभारी आहे, दादा."

"गप बस."

संध्याकाळी रँकिन सपाटून हरले आणि आसाच्या घोडागाडीतून घरी गेले.