उकिरड्यावर दुसऱ्यांदा

गाडीत माणसं तीन होती आणि चौथं वाटेवर होतं. सामानात दोन लुगडी, एक सतरंजी, जुन्या धोतराची सात फडकी, ज्वारीच्या पिठाचा डबा, गुळाचा खडा आणि सरस्वतीबाईंच्या मांडीवर एक घट्ट बांधलेलं गाठोडं. त्यांचा मुलगा उकंडराव ते घ्यायला गेला तेव्हा त्यांनी त्याचा हात झटकला.

"त्याले हात लावू नको. माह्यं हाये."

उकंडरावाने जास्त विचारलं नाही, बैल हाकले. मागे त्याची बायको गीता गाडीचा दांडा धरून बसली होती. कळ आली की डोळे मिटायची आणि गेली की "चाला न लवकर" म्हणायची. पैनगंगा ओलांडली की मेहकर. पहिली कळ आली की निघायचं, दुसरीची वाट पाहायची नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं.

कारण आधीची दोन्ही पोरं घरी झाली होती आणि दोन्ही गेली होती. जन्मली तेव्हा खणखणीत रडली, अंगावर प्यायली. दुसऱ्या दिवशी कण्हायला लागली, दुधाकडे तोंड फिरवलं, अंग गार पडलं, आणि दिवस मावळायच्या आत खेळ आटोपला. दुसऱ्यानंतर गावातल्या बाया गीताला ओटी भरायला बोलवेनाशा झाल्या. हे तिसरं.

अठ्ठ्याहत्तर सालातली ही गोष्ट. यंदा दिवस भरत आले तेव्हा उकंडराव गीताला घेऊन आधीच मेहकरला जाऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कापसाच्या बोळ्यावर गीताच्या अंगातला स्राव घेतला आणि शेजारच्या खोलीतल्या प्रयोगशाळेत दिला. तिथे इंद्रभान नावाचा नवा बी.एस्सी. झालेला मुलगा होता. दोन दिवसांनी त्याने उकंडरावाला बोलावून काचेची एक बशी दाखवली. आत मेंढीचं रक्त घालून थिजवलेला लाल थर होता, आणि एका जागी बाणाच्या टोकाच्या आकाराचा तुकडा पाण्यासारखा स्वच्छ झाला होता.

"रक्त विरघळलं तिथं," इंद्रभान म्हणाला. त्याला स्वतःलाच त्या बाणाचा फार आनंद झालेला दिसत होता. "स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात या जंतूला. ब गटाचा. बाईच्या अंगात नुसता राहतो, तिला काही करत नाही. पण बाळ बाहेर येताना त्याला लागतो."

"मंग आताच मारा न त्याले!"

"आता मारला तर कळांपर्यंत परत येतो," डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. "कळा सुरू झाल्या की गीताला पेनिसिलिन द्यायचं, आणि बाळ जन्मलं की त्याला. परदेशात अलीकडे असं करून पाहताहेत. मी खात्री देत नाही. पण बाळ आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढे राहिलं पाहिजे. आणि महिन्याचं होऊन साडेतीन किलोच्या वर गेलं, की मग मी निश्चिंत."

उकंडराव भाजीवाला माणूस. त्याला वांग्याचा वाफा आठवला. कोवळी रोपं एका दिवसात देठाशी कुजून आडवी होतात. तेच रोप महिन्याचं झालं की त्याच मातीत तरारून उभं राहतं.

"रोपाले मर लागते तसं," तो म्हणाला.

"अगदी तसं."

तर आज गाडी दुपारच्या आत दवाखान्यात पोचली. गीताला सुई टोचली गेली, आणि दिवे लागायच्या सुमाराला मुलगा झाला. खणखणीत रडला. त्यालाही सुई टोचली तेव्हा आणखी रडला. नर्सबाई त्याला काट्याकडे घेऊन निघाल्या, तशा सरस्वतीबाई आडव्या आल्या.

"लेकरू तोलत नसतात, बाई. तोललं की नजर लागते."

नर्सबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई दमल्या होत्या. "राहू द्या आज," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या खाटेपाशी थबकल्या आणि नाक वर करून वास घेऊ लागल्या. मग वाकून खाटेखालून त्यांनी ते गाठोडं ओढलं. सोडलं. आत शेण, राख आणि कुजका पाचोळा.

"हे काय?"

"उकंडा," सरस्वतीबाई म्हणाल्या. उकिरड्याला तिकडे उकंडा म्हणतात.

"दवाखान्यात?"

"तुम्ही लेकराले उकंड्यावर नेऊ देत नाई. मंग उकंडाच इथं आणला. त्याच्या पाठीखाली ठेवाचा होता थोडासा."

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. नाळ अजून ओली आहे, यात धनुर्वाताचे जंतू असतात, यापेक्षा विष घाला. सरस्वतीबाई शांतपणे ऐकत होत्या. आवाज संपल्यावर त्यांनी उकंडरावाकडे बोट दाखवलं.

"हा पाहा. याच्या आधीचे माहे तीन गेले. याले जन्मल्याबरोबर उकंड्यावर टाकला, गावातल्या बनाबाईनं टाकलेलं लेकरू म्हणून उचलला, नाव उकंडा ठेवलं. आज मिशा आल्या त्याले. गीताचे ते दोघं घरी झाले तवा तू म्हनत होता न बे, जुन्या गोष्टी सोड? सोडल्या. काय झालं?"

हे खरं होतं. दोन्ही वेळा उकंडरावानेच आईला अडवलं होतं.

"मी लेकराले घरी नेतो. उकंड्यावर ठेवतो अन् परत आणतो," म्हणत सरस्वतीबाईंनी लुगड्याचा पदर खोचला.

"बाळ बाहेर गेलं तर मी जबाबदार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खाटेवर गीता उठून बसली होती. बाळ तिच्या छातीशी चुटुचुटु पीत होतं. दुसरा दिवस होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"माय," तो म्हणाला, "त्याच्या बदल्यात मी लोळतो."

"काय?"

"एकडाव लोळलो हाय. माहं अंग, माहं रगत. त्याचं माह्या नावावर चालंल का नाई, सांग."

सरस्वतीबाईंनी बराच विचार केला. "बनाबाईनं उचललं पाहिजे," त्या शेवटी म्हणाल्या.

बनाबाई आता सत्तरीच्या घरात होत्या. त्याच दिवशी गावी जाऊन, गावच्या पूर्वेला, सगळ्यांच्या देखत, उकंडराव धोतर सावरून उकिरड्यावर आडवा झाला आणि दोनदा लोळला. पोरं हसली. पंजाबराव पाटलांनी "गहू पेरून राह्यला का बे?" म्हणून विचारलं. बनाबाई काठी टेकत आल्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हे कोनाचं टाकलेलं, बाई?" आणि त्याचा हात धरून ओढू लागल्या.

"ऊठ न रे मुडद्या, माही कंबर जाते!"

"उचललं पाहिजे म्हन्ते माय."

"तवा तू सूपभर होता!"

शेवटी त्याने अर्धा भार स्वतःच उचलला आणि ते उचलणं मानलं गेलं. नदीत आंघोळ करून तो मेहकरला परत पोचला तेव्हा बाळ झोपलं होतं, गरम होतं, कण्हत नव्हतं. सरस्वतीबाई सुनेला म्हणाल्या, "आता जेव पोटभर." गीता त्या दिवशी भाकरी कुस्करून जेवली, वर आणखी मागितली.

आठवडा गेला. सुया संपल्या. गावात परतल्यावर बायांनी ओटी भरली, आणि सरस्वतीबाईंनी नातवाला अंगणात कोवळ्या उन्हात तेल लावलं.

महिना झाला तशी मंडळी पुन्हा मेहकरला गेली. बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पोट दाबलं, डोळे पाहिले.

"छान आहे. आता वजन."

"लेकरू तोलत नसतात," सरस्वतीबाई म्हणाल्या.

इंद्रभान तोवर प्रयोगशाळेतून बाहेर येऊन उभा होता. बशीतला बाण ज्याच्यासाठी काढला ते बाळ त्याला पाहायचं होतं. तो म्हणाला, "माय, बाळाच्या बदली उकंडराव लोळले ते चाललं न?"

"हाव."

"मग बाळाच्या बदली तुम्ही चढा काट्यावर. आम्ही तुम्हाला तोलतो. हातात काय आहे ते आम्ही पाहतच नाही."

सरस्वतीबाईंनी त्याच्याकडे, मग काट्याकडे, मग नातवाकडे पाहिलं. गीता पदराआड हसत होती.

"मले कोनाची नजर लागते आता," त्या म्हणाल्या आणि नातवाला घेऊन काट्यावर चढल्या. इंद्रभानने आकडा वाचला. मग त्यांनी नातू उकंडरावाकडे दिला आणि एकट्या उभ्या राहिल्या. त्याने पुन्हा वाचला.

पहिल्यांदा पंचेचाळीस किलो शंभर. दुसऱ्यांदा एक्केचाळीस किलो तीनशे. फरक तीन किलो आठशे.