दोन उजवी चाकं

बुद्धभूषणच्या इंजिनाला कित्येक वर्षं चाकंच नव्हती. बॉयलर होता, धुराडं होतं, पितळी शिट्टी होती आणि ती वाजायचीही. पण हा सगळा थाट एका लाकडी पाटावर बसलेला असायचा, पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा. घरी येईल त्याला बुद्धभूषण अभिमानाने इंजिन दाखवायचा आणि येईल तो विचारायचा, "पाणी किती वेळात तापतं?"

तो बंब नव्हता. ट्रक आणि ट्रॅक्टर येण्याआधी वाफेवर चालणारी रस्त्यावरची इंजिनं असत. रूळ नाहीत, मोठाली लोखंडी चाकं आणि मागे ओढायला वाट्टेल ते ओझं. त्यातल्याच एकाची ही हातभर लांबीची प्रतिकृती, बुद्धभूषणने स्वतः घडवलेली. रस्ते दाबणारा जुना वाफेचा रोलर हा त्यांचाच सख्खा भाऊ. तसा एक रोलर बुद्धभूषणने आणि मी लहानपणी वरळी नाक्यावर पाहिला होता आणि त्याच्यामागून चालत चालत शाळा चुकवली होती. त्या दिवसातल्या मला छड्या आठवतात. त्याला पिस्टन आठवतो.

पुढे तो गोदीच्या वर्कशॉपात इंजिनिअर झाला आणि मी वर्तमानपत्रातून लोकांची टिंगल करायला लागलो. यथावकाश दोघंही निवृत्त झालो. निवृत्त इंजिनिअरला लोक निदान गिझर बघायला बोलावतात. निवृत्त विनोदी लेखकाला बोलावतात ते शोकसभेला, शेवटी वातावरण जरा हलकं करायला.

चाकं का केली नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तेव्हा तो वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होता. एक खोली, पाच माणसं आणि हे इंजिन. तो शांतपणे म्हणाला, "चाकं लावून जायचं कुठं रे त्याने? पलंगाखालून मोरीपर्यंत?"

मग चाळ पाडायला घेतली, ही मंडळी तात्पुरत्या जागेत गेली आणि शेजारी टॉवर वर चढू लागला. नव्या घराच्या किल्ल्या मिळायची वेळ आली तेव्हा शेवंतीवहिनींनी कुठली वस्तू कुठं राहील हे ठरवून टाकलं. वहिनी म्हणजे बुद्धभूषणची बायको, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. शिक्षा सुनावताना त्यांचा आवाज चढत नाही. उलट खाली येतो. त्या दिवशी मी तिथं चहा पीत होतो. कपाटाला जागा मिळाली, शिलाई मशीनला मिळाली, कुंड्यांनासुद्धा मिळाली. इंजिनाचं नाव निघालं नाही.

बुद्धभूषणने चाचरत हॉलच्या मोठ्या खिडकीचा विषय काढला. खिडकीखाली हातभर जागा, सकाळी उठल्यावर पहिलं तेच दिसेल, एवढंच त्याचं मागणं होतं. वहिनींचा आवाज खाली आला.

"पाटावर बसून राहणारं मी नव्या घरात काही नेणार नाही. स्वतःच्या पायाने उंबरा ओलांडला तर येऊ दे. कुणी उचलायचं नाही, ढकलायचं नाही. आणि आत आलं की सरळ बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी."

"आणि नाही ओलांडला तर?" मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही. त्याचाच पगार मिळायचा.

"तर माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत. तिथं कुलूप आहे, भाऊजी. आणि तिथं तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण शिवाजी पार्कला माझ्या दारात हजर. "नाना, हात रिकामे आहेत ना तुझे? चल."

निवृत्तीनंतर मला कुणी इतक्या तातडीने बोलावलं नव्हतं. पायात चपला सरकवताना मी घाई दिसू दिली नाही, एवढंच.

लालबागला गणपतचा गाळा आहे. गणपत मूळचा कणकवलीकडचा. गाळ्यात त्याचं लेथ मशीन आणि त्याच्या सूचना दोन्ही सतत चालू असतात. तिथं आमची चाकं घडू लागली. पुढची दोन लहान चाकं आठवडाभरात उरकली. खरा प्रश्न मागच्या दोन मोठ्या चाकांचा. रे रोडच्या भंगारातून जाड पाइपाचा तुकडा आणून त्याच्या धावा, म्हणजे चाकांची बाहेरची कडी, कापल्या. मधले तुंबे गणपतने लेथवर उतरवले. आरे म्हणजे पोलादी पट्ट्या, एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, असे आळीपाळीने रिव्हेट मारून बसवायचे. हे होईपर्यंत तुंबा बरोबर मध्यावर धरून ठेवायला एक सपाट, गोल, भक्कम फळी हवी होती.

ती मी घरून आणली. पोळपाटच होता. बुद्धभूषणने त्याच्या मध्यभागी भोक पाडून खिळा ठोकला, काम झाल्यावर खिळा काढला आणि मी तो गुपचूप ओट्यावर नेऊन ठेवला. तेव्हापासून आमच्या घरच्या पोळीला मध्यभागी एक टेंगूळ येतं. माझी बायको वैदेही पहिल्या दिवशी त्या टेंगळाकडे बराच वेळ बघत राहिली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि पोळी वाढली.

शेवटचं काम धावेवरच्या तिरक्या पट्ट्यांचं. या पट्ट्या मातीत रुततात म्हणून चाक घसरत नाही. एका चाकावर त्या उजवीकडे कलत्या असतात, दुसऱ्यावर डावीकडे, चपलांच्या जोडासारख्या. बुद्धभूषणच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून आखणी माझ्याकडे आली. त्याने पत्र्याचा साचा कापून दिला आणि बजावलं, की एक चाक आखून झालं की साचा उलटा करायचा, मग दुसरं. मी मान डोलावली. पहिलं चाक मी मंगळवारी आखलं आणि दुसरं शुक्रवारी. मधल्या दिवसांत साचा उलटा करायची गोष्ट माझ्या डोक्यातून साफ उतरली. चाळीस वर्षं दर आठवड्याला तोच विनोद नव्याने लिहिलेला माणूस मी. दुसरं चाक वेगळं असावं हे मला सुचणार कुठून? मी रिव्हेट धरत गेलो, बुद्धभूषण एका डोळ्याने ठोकत गेला.

दोन्ही चाकं आसावर चढवून त्याने इंजिन पहिल्यांदा जमिनीवर ठेवलं. तो मागे सरला, बघत राहिला. मग गणपतने मान वाकडी करून बघितलं.

"ह्याका दोनय पाय उजवेच," गणपत म्हणाला. "नाचतलो काय लंगडतलो, बघूया आता."

गणपतने लेथ बंद केलं. मी माफीची तयारी केली, पण बुद्धभूषणने हात वर केला.

"आखलं कुणी?"

"मी."

"ठोकलं कुणी?"

"तू."

"मग दोघांनीही गप्प बसायचं."

रिव्हेट काढायला गेलं तर धावा फाटल्या असत्या, आणि नवी चाकं करायला वेळ नव्हता. आठ दिवसांवर, पुढच्या रविवारी, गृहप्रवेश होता. अशी चाकं इंजिनाला सरळ चालू देणार नाहीत, हळूहळू एका बाजूला ओढत नेतील, असं त्याने सांगितलं. म्हणजे ते दाराच्या चौकटीवर जाऊन आपटणार आणि तिथून प्रयोगशाळेत, हे त्याने सांगितलं नाही. इंजिन उचलून तो घरी निघून गेला. पुढचा आठवडाभर त्याने माझा फोन घेतला नाही. जेवताना मी पोळी अर्धीच ठेवून पुन्हा फोन लावायचो, आणि त्यात टेंगळाचा काही दोष नव्हता.

रविवारी आम्ही दोघं नवराबायको वेळेवर पोचलो. बाराव्या मजल्याच्या लॉबीत अर्धी जुनी चाळ जमली होती. शेवंतीवहिनी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन आधी आत गेल्या. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली गेली आणि मग सगळे इंजिनाकडे वळले.

वाफ करायची सोय नव्हती. छतावर धूर ओळखणारी यंत्रं बसवलेली. बॉयलर पेटवला असता तर नव्या घरात आमच्याआधी अग्निशामक दल शिरलं असतं. म्हणून बॉयलरमध्ये वाफेऐवजी सायकलच्या पंपाने हवा भरायची ठरली. हवा भरणं हा माझा प्रांत, हे सगळ्यांना एकदम मान्य झालं. बुद्धभूषणने किती वेळा पंप मारायचा ते मला कानात सांगितलं, आणि वर, "एकही जास्त नको."

तो लिफ्टपाशी गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला आणि इंजिन फरशीवर ठेवलं. इतकं तिरकं, की त्याचं तोंड दाराकडे नव्हतंच, शेजारच्यांच्या चपलांच्या स्टँडकडे होतं. मी तसं हळूच बोललो. त्याने पंपाकडे बोट दाखवलं.

मी मोजून पंप मारले. त्याने नळी काढली, हवा सोडायची दांडी ओढली. इंजिन खट्‌खट् करत निघालं आणि चपलांच्या रोखाने चाललं. वहिनींनी हाताची घडी घातली. पण जाता जाता ते वळू लागलं, उतारवयातला माणूस कुणी हाक मारल्यावर वळतो तसं, आणि ऐन दारासमोर येऊन सरळ झालं. पट्ट्या संगमरवरी उंबऱ्यावर चढल्या. क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, आणि ते आत उतरलं. लॉबीतली माणसं टाळ्या वाजवायचं विसरून दारात गोळा झाली.

समोर बाल्कनीचं दार उघडं होतं. पलीकडे वॉशिंग मशीन वाट बघत उभं होतं. इंजिनाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वळत वळत ते हॉल ओलांडून मोठ्या खिडकीकडे गेलं, तिच्याखाली पोचलं आणि तिथंच त्याची हवा संपली.

वहिनींनी चष्मा पुसला. खिडकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"वर्गात तिरकं बसणारी मुलं मी खूप पाहिलीत," त्या म्हणाल्या. "एकदा आपली जागा सापडली की मग उठवू नये त्यांना." आणि खिरीचं पातेलं बघायला आत गेल्या.

बुद्धभूषण माझ्या कानाशी आला. "आठवडाभर मी फोन का घेत नव्हतो, काय वाटलं तुला? पोरांच्या खडूने लॉबी आणि हॉल आखला होता खाली पार्किंगच्या फरशीवर. रोज चालवून बघत होतो." मग जरा थांबून म्हणाला, "तू साचा उलटा केला असतास तर सरळ गेलं असतं रे. बाल्कनीत."

माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाची पुष्कळांनी स्तुती केली आहे, पैकी काहींनी ते वाचलंही होतं. पण माझ्या हातून झालेल्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी खिडकीशी जाऊन उकिडवा बसलो आणि दोन्ही उजव्या चाकांवरून बोट फिरवलं. एकेक रिव्हेट ओळखीचा होता. घरात बसून वर्तमानपत्रावर चिडण्याच्या दिवसांत कुणीतरी येऊन मला ते धरायला लावले होते.

निघताना वहिनींनी वैदेहीच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. खाली उतरून उघडलं तर नवा कोरा पोळपाट, बिनभोकाचा. म्हणजे दोघींना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

तो आमच्याकडे ओट्यावर उभा ठेवलेला असतो. पोळ्या जुन्यावरच होतात. मी एकदा कारण विचारलं तर वैदेही म्हणाली, टेंगूळ नसलं की पोळी कुणाकडची आहे तेच कळत नाही.